कुलवृत्तांतात चिनी माहेराची नोंद: आडनाव, मूळ गाव, गोत्र काय लिहायचं?

अर्ज_क्र_७ (इंदूर)
घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती यंदा इंदूर शाखेकडे आहे. बाकी पानं लागली, एका नोंदीवर गाडी अडली आहे. एक सून मलेशियातल्या पेनांगच्या चिनी घरातली. आलेली माहिती अशी: नाव टान मेई लिंग, आईचं माहेर ऊई, घरची बोली हॉकियन. सोबत दोन फोटो: दारावरच्या पाटीचा (दोन अक्षरं, उच्चार ‘यिंगछुआन’ असा कळवलाय) आणि पणजोबांच्या थडग्याचा.

छापील अर्जातले रकाने ठरलेले आहेत: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मूळ गाव, गोत्र. पहिल्या मसुद्यात आडनाव ‘लिंग’, वडिलांचं नाव ‘मेई’ आणि मूळ गाव ‘यिंगछुआन’ पडलंय. तिन्हींबद्दल शंका आहे. शिवाय त्यांचे एक चुलत आजोबा ‘चेन’ लावतात, हाँगकाँगची शाखा ‘चान’ लावते, आणि सगळे म्हणतात कूळ एकच. कसं काय?

शाईदौत
तिन्ही शंका रास्त आहेत. आधी नावाचं बघा. चिनी नावात आडनाव पहिलं. ‘टान’ आडनाव, ‘मेई लिंग’ हे दोन अक्षरांचं मिळून एकच नाव. मधल्या अक्षराचा वडिलांशी संबंध नाही. लग्नानंतर आडनाव बदलायची रीत नाही, तेव्हा कागदोपत्री त्या टानच राहिल्या असणार. विचारून घ्या.

टान, चान, चेन हे एकाच अक्षराचे तीन उच्चार. मँडरिनमध्ये चेन, कँटोनीजमध्ये चान, हॉकियन आणि तिओच्यूमध्ये टान. व्हिएतनाममधलं ‘चान’ किंवा ‘त्रान’ही तेच. ज्या बंदरात कारकुनानं जे ऐकलं ते रोमन लिपीत उतरलं आणि पुढच्या पिढ्यांना चिकटलं. म्हणजे स्पेलिंगवरून कूळ कळत नाही, नोंद करताना बोली कुठली होती एवढंच कळतं. तसंच लिन, लाम, लिम एकच. वांग, वोंग, ओंग एकच.

उलटा घोळ जास्त त्रासाचा. रोमनमध्ये नुसतं ‘एन-जी’ असं लिहिलेलं आडनाव कँटोनीज घरातलं असेल तर मँडरिनमध्ये ‘वू’, हॉकियन-तिओच्यू घरातलं असेल तर ‘ह्वांग’. स्पेलिंग एक, कुळं दोन. कँटोनीज ‘वोंग’सुद्धा वांग आणि ह्वांग या दोन्हींचं असतं. म्हणून आडनावाचं मूळ चिनी अक्षर मागवा, तेही टंकित केलेलं. पारंपरिक रूपातलं घ्या, कारण थडगी आणि जुन्या वंशावळी त्यातच असतात.

आईचं ‘ऊई’ म्हणजे हेच ह्वांग, खास पेनांगच्या बाजूचं. त्यावरून बोलीचा पत्ताही लागतो. हॉकियनच्या दोन मोठ्या धाटण्या, चीनच्या फुजियान प्रांतातल्या चांगचौ आणि छ्वानचौ या दोन शहरांकडच्या. पेनांगची मुख्यतः चांगचौकडची. खात्री करायची तर घरात शिजवलेल्या भाताला काय म्हणतात ते विचारा. ‘पुइँ’ म्हणाले तर चांगचौ. ‘प्ङ्’ म्हणाले तर छ्वानचौ किंवा अमॉयची बाजू. पिवळ्या रंगालाही हाच फरक, ‘उइँ’ आणि ‘ङ्’. ह्वांग या अक्षराचा अर्थच पिवळा, म्हणून तिथे ऊई आणि इथे एन-जी.

पाटीवाला
‘यिंगछुआन’ मूळ गाव म्हणून छापू नका. सगळ्यात जास्त होणारी चूक ही.

दारावरच्या पाटीवर असतं ते कुळाचं प्राचीन पीठ. चेन कुळाचं यिंगछुआन, म्हणजे उत्तरेकडच्या हनानमधला जुना प्रांत. ली कुळाचं लोंगशी, लिनचं शीह, ह्वांगचं च्यांगश्या, वांगचं थाय्युआन. मलेशियातला टान, अमेरिकेतला चान, तैवानमधला चेन, तिघांच्या दारावर यिंगछुआनच. पेनांगच्या टान कोंग्सीचं, म्हणजे त्यांच्या कुलसंस्थेचं नावही त्याच अक्षरांचा हॉकियन उच्चार: एंग चुआन टोंग. भारद्वाज गोत्राचा माणूस ‘आमचं गाव भारद्वाज’ म्हणाला तर कसं वाटेल, तसं ते. एका आडनावात लग्न न करण्याची जुनी रीतही सगोत्रासारखीच आहे.

खरं गाव थडग्यावर सापडेल. मधली उभी ओळ मृताची: पुरुष असेल तर ‘शियानखाओ’, स्त्री असेल तर ‘शियानपी’, मग नाव. कडेच्या बारीक ओळीत तारीख, दुसऱ्या कडेला दगड उभारणाऱ्या मुला-नातवंडांची नावं. अगदी वर, आडवी किंवा दोन कोपऱ्यांत फोडून लिहिलेली दोन अक्षरं असतात, तो बहुधा मूळ तालुका. चार गोष्टी सांभाळा:

आडव्या अक्षरांचा क्रम उजवीकडून डावीकडे असतो. डावीकडून वाचलं की नसलेलं गाव तयार होतं.

नावं जुनी असतात. हाइचेंग आणि लोंगशी हे दोन तालुके १९६० मध्ये एकत्र होऊन लोंगहाइ झाला, आज तो चांगचौ शहराचा भाग आहे. कँटोनीज थडग्यावरचं ‘शिननिंग’ म्हणजे १९१४ नंतरचं थायशान. हक्का थडग्यावरचं ‘च्यायिंग’ म्हणजे मेइशियन.

हा लोंगशी तालुका वेगळा आणि ली कुळाचं पीठ लोंगशी वेगळं. उच्चार सारखा, अक्षरं निराळी, ठिकाणं दीड हजार किलोमीटरांहून लांब. नुसत्या स्पेलिंगवर विसंबलात तर इथे हमखास फसाल.

कधी कधी थडग्यावरही गावाऐवजी पीठच कोरतात. वरची अक्षरं पाटीवरच्या अक्षरांशी जुळली तर गाव कळलेलं नाही असं समजा आणि कोंग्सीकडे सभासद-नोंद विचारा.

शाईदौत
तारखेचंही सांगून टाकतो. ‘मिन्कुओ’ (चिनी प्रजासत्ताकाचं) वर्ष असेल तर त्यात १९११ मिळवा: मिन्कुओ २० म्हणजे १९३१. ‘क्वांगशू’ (त्या नावाच्या सम्राटाचं) असेल तर १८७४ मिळवा: क्वांगशू २० म्हणजे १८९४. चांद्र महिना बारावा असेल तर इंग्रजी साल बहुतेक पुढचं. शकात ७८ मिळवायचे पण माघ-फाल्गुनात ७९, तीच गोष्ट. नुसतं साठ वर्षांच्या चक्रातलं नाव असेल तर आपल्या संवत्सरासारखं, साठ वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतं. पण दोन चक्रांची सुरुवात एका साली नाही, तेव्हा प्रभव-विभवाशी जोडू नका.

वयावर तर अजिबात भिस्त ठेवू नका. जन्मताच एक धरतात, प्रत्येक नववर्षाला एक वाढतं, आणि मलेशिया-सिंगापुरात मृताच्या वयात आणखी तीन मिळवायची प्रथा आहे. दगडावरचे ८४ प्रत्यक्षात ७९-८० असू शकतात.

चिंच
देवनागरी उच्चारांबद्दल. कागदोपत्री ‘टान’ ठेवा, पण घरातला उच्चार ‘तान’च्या जवळचा आहे. हॉकियनमध्ये ब, प आणि महाप्राण प असे तीन वेगळे आहेत. रोमनला जे ‘एच’ जोडून दाखवावं लागतं ते आपल्याकडे तयारच आहे. अडचण ‘फ’ची. आपण तो ओठ-दातांनी म्हणतो, म्हणून महाप्राण प साठी ‘प्ह’ लिहा. ‘चिंच’ शब्दातले दोन च आठवा. पिनयिनमधला (मँडरिनच्या रोमन लेखनातला) झेड म्हणजे त्यातला दुसरा च. त्याला ‘झ’ लिहिण्याची चूक पेपरांत रोज दिसते. माओ ‘झेदोंग’ नव्हता.

‘मेई लिंग’ हा मँडरिन उच्चार आहे. आडनाव हॉकियन, नाव मँडरिन, ही सरमिसळ तिकडे नेहमीची, कारण चिनी शाळा मँडरिन माध्यमाच्या. ‘मेई’ म्हणजे सुंदर हे अक्षर असेल तर आजी त्याला ‘बी’ म्हणेल. सिंगापुरात तर १९७९ पासून सरकारनं मँडरिन बोला म्हणून मोहीमच चालवली. तरुण नातेवाईक सांगतील तो उच्चार आजीचा नसणार, तेव्हा कोणी सांगितलं तेही टिपून ठेवा.

ध्वनिमुद्रण मागवणार असाल तर प्रत्येक शब्द सुटा तीनदा म्हणायला सांगा, मग वाक्यात एकदा. वाक्यात पुढे दुसरा शब्द आला की हॉकियनमध्ये स्वर, म्हणजे सुराचा चढ-उतार, बदलतो. नुसतं वाक्य मिळालं तर मूळ स्वर कळत नाही. आणि नातवाला ‘आजोबांचं नाव सांग’ म्हणू नका. वडीलधाऱ्यांचं नाव तोंडाने घेत नाहीत. आपल्याकडे उखाण्याची पळवाट तरी आहे! नाव लिहून मागा.

बाकी पेनांगच्या हॉकियनमध्ये मलय शब्द भरपूर. पावाला ‘लोती’ आणि साबणाला ‘सबुन’ ऐकून दचकू नका. आपण इंदुरात ‘तो चालला गेला’ म्हणतो ना, शेजाराचा गुण.

जुळारी
छपाईचं बोला आता. अक्षरजुळणी श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये असेल तर चिनी अक्षर चिकटवलं की रिकामा चौकोन येणार. ते तेवढं युनिकोड फाँटमध्ये लावा, नोटो सेरिफ सीजेकेचं पारंपरिक चिनी रूप चालेल. जपानी रूप निवडलं गेलं तर काही अक्षरांच्या रेषा बदलतात. मजकूर १२ पॉइंट असेल तर चिनी अक्षर ११ ठेवा, नाहीतर ओळ फुगलेली दिसते. पीडीएफ करताना फाँट आतच बसवा आणि प्रूफ त्यांच्याकडच्या वाचणाऱ्या माणसाला पाठवा. आपल्यापैकी कोणालाच उलटं छापलेलं कळायचं नाही.

अर्ज_क्र_७
आभार. फोटो मोठा करून त्यांच्या मावशींकडून वाचून घेतला. वरची अक्षरं उजवीकडून ‘हाइचेंग’. गोत्राच्या रकान्यात यिंगछुआन घालू?

पाटीवाला
गोत्र नाही, गोत्रासारखं आहे. रकाना रिकामा ठेवा आणि तळटीप द्या. त्यांची वंशावळ मिळाली तर तीही बघा. पिढीचं अक्षर ठरवणारी कविता असते, दर पिढीला पुढचं अक्षर, बहुधा नावात मधलं. मुलींना ते देतीलच असं नाही. बायकांची नोंद नुसती ‘अमुक शी’, म्हणजे अमुक घराण्यातली, एवढीच. आपल्या जुन्या आवृत्त्यांत तेवढीही नाही, तेव्हा बोलायला जागा नाही.

अर्ज_क्र_७
नोंद अशी जाते: ‘सौ. मेई लिंग. माहेर टान (घरगुती उच्चार तान, मूळ अक्षर सोबत). आई ऊई घराण्यातल्या. बोली पेनांगची हॉकियन. मूळ तालुका हाइचेंग, आताचा लोंगहाइ, चांगचौ. कुळाचं पीठ यिंगछुआन, तळटीप पाहा.’

चिंच
‘घरगुती उच्चार’ आईच्या आडनावालाही द्या: उइँ. आणि चंद्रबिंदू गाळू देऊ नका.

जुळारी
तो मी बघतो.