नमुना आठवर नाव कोनाचं?

(फॅमिली ग्रुप ‘वाड्यातले सगळे’. शनिवार रात्र ते रविवार सकाळ. मधले गुड नाइटचे गुलाब अन् तुरीच्या भावाचे फॉरवर्ड गाळले.)

प्रशांत (नागपूर): सगळ्यांना नमस्कार. एक सल्ला पायजे होता. आज उमरेड रोडवर एक स्कीम पाहून आलो. सरकार अन् बिल्डर मिळून बांधून रायले. ३० चौरस मीटर कार्पेट, किंमत ११ लाख ५० हजार. आवास योजनेचे अडीच लाख वजा, दीड केंद्राचे, एक राज्याचा. म्हणजे ९ लाखांत घर. एजंट म्हणते सोमवारपर्यंत २ लाख भरा, नाहीतर पाचवा मजला संपून जाईन.

मोठे बाबा: ३० मीटर म्हंजे किती फूट रे

विशाल: ३२३ फूट, मोठे बाबा.

मोठे बाबा: आपला गोठा त्याच्याहून मोठा हाय

पूजा: गोठ्यावर मोटर तरी आहे, मोठे मामाजी. इथं सकाळी सहाला अर्धा तास नळ येते. आमच्याकडे पाहुणे आले की घरमालकीण बादल्या मोजत उभी राहते. वरून ४५०० भाडं.

मोठे बाबा: मजाक केली बेटा. राग नको मानू

विशाल: प्रशांत, मी साइटवरच असतो म्हणून विचारतो. ‘सरकार अन् बिल्डर मिळून’ म्हणजे नेमकं काय? २०१७ मध्ये केंद्रानं या भागीदारीचे आठ प्रकार जाहीर केले होते. सहा सरकारी जागेवरचे, दोन खाजगी जागेवरचे. तुह्या स्कीमची जागा कोनाची?

प्रशांत: बोर्डावर शासनमान्य लिहिलं आहे.

विशाल: शासनमान्य तं आपल्या चौकातलं बियाण्याचं दुकान बी आहे. जागा कोनाची ते सांग.

प्रशांत: बिल्डरची म्हणे.

मोठे बाबा: मंग हे बटईच झाली ना. वावर एकाचं, राबणारा दुसरा. पण बटईत बियाणं कोनाचं, खत कोनाचं, हे पेरणीच्या आधी ठरते. अन् पाणी नाई आलं तं बुडलं कोनाचं, हेबी ठरते. इथं पाणी नाई आलं तं कोन बुडते

विशाल: मोठे बाबा, आमच्या मीटिंगात बी एवढं सरळ कोणी विचारत नाही. ऐका. सरकारी जागेवर काम असलं तं वावर सरकारचं. बिल्डर अर्ध्यात पळाला तरी वावर जागेवर राहते, दुसरा बटईदार लावता येते. खाजगी जागेत वावर बी त्याचं, वखर बी त्याचं. सरकार फक्त खताचे पैसे देते, तेही बांधकाम जसं वर येईन तसं हप्त्यानं. पाणी नाई आलं तं पयले गिऱ्हाईक बुडते.

प्रशांत: मग बिल्डर अशा स्वस्त घरात पडते कशाले? त्याले काय मिळते?

विशाल: सगळी घरं स्वस्त नसतात ना. २०१५ च्या आवास योजनेत अट होती की प्रकल्पात किमान ३५ टक्के घरं आर्थिक दुर्बल गटासाठी पायजे. बाकीची तो आपल्या भावानं विकते. वरून जास्तीचं एफएसआय, म्हणजे त्याच जागेवर जादा बांधकामाची परवानगी, मिळाली तं तेवढ्याच जागेत दोन मजले जास्त चढतात. तिथं कमावते अन् इथलं भरून काढते. धंदा म्हणून यात वाईट काही नाही. फक्त जमीन स्वस्त असली तरच गणित बसते, अन् स्वस्त जमीन शहराबाहेर. म्हणून उमरेड रोड. अन् तुही कंपनी हिंगण्याले.

पूजा: तेच मी दुपारपासून सांगून रायली. हिशोब मांडला आहे, पाहा. एक लाख आपला, आठ लाख कर्ज. २० वर्षं, ९ टक्के धरले तर हप्ता ७२०० च्या आसपास. सोसायटीचा मेंटेनन्स हजार धरू. गाडीनं जाणं-येणं रोज ५० किलोमीटर, म्हणजे पेट्रोल तीन हजार. झाले ११,२००. पगार १९,०००. आरोहीची शाळा अजून यात धरली नाही.

प्रशांत: मेट्रो आहे ना.

विशाल: मेट्रो लोकमान्यनगरहून प्रजापतीनगरले जाते. उमरेड रोडवर कुठं येते बे?

सागर: भाऊ मी म्हंतो घेऊन टाक. गावात आमचं घरकुल मंजूर झालं तरी मूळ अनुदान १ लाख २० हजारच. मजुरी रोजगार हमीतून ९० दिवसांची. अन् रेतीचा भाव तुले मालूमच हाय. तुले तं बांधून तयार देऊन रायले

नाना काका (निवृत्त ग्रामसेवक): आत्ता जेवून बसलो. सगळं वाचलं. प्रशांत, हिशोब चांगला आहे, पण त्याआधी एक सांग. आपल्या घराच्या नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर, तुझं नाव आहे ना?

प्रशांत: बाबा गेल्यावर लागलं ना. आई, सागर अन् मी.

नाना काका: तिथंच अडतं. या योजनेत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं की भारतात कुठंही माझ्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या नावे पक्कं घर नाही. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. घर एकट्या वहिनींच्या नावे असतं तर तुला काहीच अडचण नव्हती, तुझं कुटुंब वेगळं धरलं असतं. पण उताऱ्यावर तू आहेस. दादानं पुढची खोली २०१४ ला स्लॅबची केली, म्हणजे घर पक्कं.

सागर: पण काका उताऱ्यावर तं अजून माती-विटा अन् कवेलूच लिहून हाय. मी घरपट्टी भराले गेलो तवा पायलं

नाना काका: ते माहीत आहे. फेरआकारणीत ती नोंद सुटली. चूक आमच्याच खात्याची म्हण. पण म्हणून कच्चं घर आहे असं लिहून द्यायचं नाही. उद्या कुणी मोबाइलवर फोटो काढला तर स्लॅब दिसतोच. प्रतिज्ञापत्र खोटं निघालं तर अडीच लाख जातात ते जातात, वर गुन्हा.

सागर: मंग सोपं हाय. भाऊनं हक्कसोड करून द्यावं. नाव निघालं का योजना चालू. घर इथंच राह्यते, कुठं जाते

(सात मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही.)

रेखाताई (सोलापूर): वा सागर. माझी सही घेतली तेव्हा कुणी ग्रुपवर विचारलं होतं का? रक्षाबंधनाला आले, चहा पिता पिता कागद पुढं केला. मी काही मागत नाही, तेव्हाही मागितलं नाही. पण अडीच लाखांच्या सवलतीसाठी बापाच्या घरावरचं नाव काढायचं, हे कसलं गणित?

सागर: ताई तसं नोतं म्हनाचं

रेखाताई: बरं, जाऊ दे. प्रशांत, इथलं सांगते. सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर आहे, तू बातम्यांत पाहिलं असशील. विडी कामगार, यंत्रमाग कामगार यांच्यासाठी ३० हजार घरं. माजी आमदार आडम मास्तरांनी मागं लागून उभं केलं. पायाभरणी जानेवारी २०१९ ला, पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला. दोन्ही वेळा पंतप्रधान आले होते. म्हणजे इतका जोर लावूनही पाच वर्षं लागली. तुझा एजंट दीड वर्ष म्हणाला असेल.

प्रशांत: १४ महिने म्हणाला.

रेखाताई: माझ्याकडे पोळ्या करायला मावशी येतात, त्यांच्या जावेचं घर आहे तिथं. मी पाहून आले. खोली लहानच, पण दारात बसून ती विड्या वळत होती. सुपात तेंदूपत्ता, कात्रीनं पान कापते, तंबाखू भरते, दोरा गुंडाळते, हात थांबत नाही. पान आणायचं, विड्या नेऊन द्यायच्या, काम घरातच. घर जिथं गेलं तिथं तिचं काम गेलं. तुझी मशीन काय उमरेड रोडला येणार आहे?

विशाल: ताईनं लाखाची गोष्ट सांगितली.

मोठे बाबा: इड्या वळाच्या काम्पीटीशनले बसवा प्रशांतले

पूजा: मोठे मामाजी 🙏

विशाल: प्रशांत, आता २ लाखांचं. लेखी करार नोंदवल्याशिवाय बिल्डरले किमतीच्या १० टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाही, रेरा म्हणजे बिल्डरवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्यात आहे. ११ लाख ५० हजारांचे १० टक्के म्हणजे १ लाख १५ हजार. तो २ लाख मागून रायला, तिथंच तो उघडा पडला. महारेराचा नोंदणी नंबर माग. त्यायच्या वेबसाइटवर टाकला का जमीन कोनाची, काम कधी संपणार, किती विकलं, सगळं दिसते. गिऱ्हाइकाचे ७० टक्के पैसे त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवा लागतात, ते दुसरीकडं वळू नये म्हणूनच. अन् तो अडीच लाख वजा करून भाव सांगते, पण तू पात्र नाही ठरला तं? तवा ११ लाख ५० हजार तूच भरशील. करारात कोनती रक्कम लिहिणार ते विचार.

प्रशांत: हे मी विचारलंच नाही. तो म्हणे आधार कार्ड द्या, बाकी आम्ही पाहतो.

नाना काका: “बाकी आम्ही पाहतो” म्हणणाऱ्याला आधार देऊ नकोस.

पूजा: दिलं काका. झेरॉक्स.

नाना काका: बरं. पुढं सही तरी करू नका.

विशाल: दुसरा रस्ता बी आहे. मोठ्या शहरात ४,००० चौरस मीटर अन् त्यावरच्या भूखंडात बिल्डरले २० टक्के भाग लहान घरांसाठी सोडा लागते. २०१३ पासून आहे हे. ती घरं म्हाडाच्या सोडतीत निघतात. आवास योजनेचं घर नसलं तं सोडतीत घर नसल्याची अट त्या शहरापुरती पाहतात, गावच्या घराची नाही. जाहिरात आली का अटी वाचून घे, माह्या भरोशावर नको राहू. सबसिडी नाही भेटणार, पण बापाचं नाव बी नाही पुसणार. हिंगण्याकडं निघालं तं नशीब.

प्रशांत: अन् व्याजाची सवलत? २०२४ च्या नव्या आवास योजनेत १ लाख ८० हजारांपर्यंत मिळतात म्हणे.

विशाल: मिळतात, पाच वर्षांत पाच हप्त्यांत. घर ३५ लाखांच्या आत पायजे. पण त्यालेही पक्कं घर नसल्याचीच अट. फिरून नमुना आठवरच येशील.

गोलू: आजी झोपली नाही. मी सगळं वाचून दाखवलं. आजी म्हणते, लिफ्ट बंद पडली तं पाचव्या मजल्यावर जायचं कसं. अन् तिथं पाटा ठेवाले जागा आहे का.

पूजा: आई, मिक्सर आहे ना.

गोलू: आजी म्हणते मिक्सर लाइट गेल्यावर काय करते. आणि म्हणते कागदाचं आता कोणीच काही करू नका, कापूस वेचून होऊ द्या, मग सगळे या, रेखाले बी बोलवा. रेखाचंही बोलू.

रेखाताई: येते आई.

सागर: वेचाले माणसं नाई भेटून रायली, आधी ते पाहा

(रविवार, सकाळ)

प्रशांत: एजंटचा फोन आला होता. पाचवा मजला संपला म्हणे. आता सहाव्यावर आहे, भाव तोच.

विशाल: रेराचा नंबर दिला?

प्रशांत: मागितला. म्हणे साहेब जेवायला गेले, आल्यावर देतो.

मोठे बाबा: सकाळच्या ९ ले?