पॉइंट्सवर बिझनेस क्लास, एकट्याने: नाशिककरांनो, तुमचे अनुभव सांगा

गंगापूर रोडवरून

गेल्या महिन्यात लेकीकडे मेलबर्नला एकटी जाऊन आले. क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या माइल्स योजनेत (माइल्स म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट्स) वळवले आणि जातानाचं तिकीट बिझनेस क्लासचं काढलं. खिशातून फक्त कर गेले. पॉइंट्स तीन वर्षांत जमले होते: किराणा, घराचं रंगकाम, भाच्याच्या लग्नाची खरेदी.

माझ्या मणक्यात गॅप आहे. मागच्या खेपेला इकॉनॉमीतून उतरले तेव्हा लेक व्हीलचेअर घेऊन उभी होती. म्हणून या वेळी हट्टाने हे केलं.

सिंगापूर ते मेलबर्न साधारण साडेसात तास. दिवे मंद झाल्यावर एअर होस्टेसने मला उभं राहायला सांगितलं, सीटची पाठ धरून पुढे पाडली, आणि मागून अंथरलेली गादी निघाली. ती सीट मागे रेलून पलंग होत नाही, अख्खी उलटते. पाय ठेवायची खोबण कोपऱ्यात आहे, त्यामुळे तिरकं झोपावं लागतं. मी पाच फूट एक इंच, मला नीट बसलं. पाच तास सलग झोपले. उतरल्यावर बॅग मीच ओढत बाहेर आले, आणि लेक बघतच राहिली.

मुख्य सांगायचंय ते हे. आधी आम्ही दोघं जाणार होतो. दोन सीटा शोधल्या तर चार महिन्यांत एकही दिवस मिळेना. ह्यांचं रद्द झालं, एक सीट शोधली, तर एकाच आठवड्यात तीन दिवस मोकळे! कमी पॉइंट्सच्या सीटा कंपन्या मोजक्याच सोडतात, आणि त्यातली सुटी एखादी उरते ती आपल्यासारख्या एकट्याची. एकटं जायला घाबरणाऱ्या बायकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

तुम्ही कसे जमवलेत, कुठे अडलात, खरा खर्च किती आला, सगळं लिहा.

पिंपळगाव बसवंतहून

राम राम. आमचं द्राक्ष निर्यातीचं काम. दर फेब्रुवारीत बर्लिनला फ्रुट लॉजिस्टिका हे फळांच्या व्यापाराचं प्रदर्शन भरतं, आणि नेमकी तेव्हाच इकडे तोडणी जोरात. चार दिवसांच्या वर बाग सोडता येत नाही. तिकडे उतरलं की थेट गिऱ्हाइकासमोर बसायचं, म्हणून विमानात झोप लागणं हा माझ्यासाठी धंद्याचा भाग आहे.

तारीख ठरलेली असल्याने मी अकरा महिने आधीच बघायला लागतो. बहुतेक कंपन्या ३३० ते ३६० दिवस आधी बुकिंग उघडतात. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या एका कंपनीचे माइल्स दुसरीच्या विमानात चालतात, एअर इंडियाही २०१४ पासून त्यात आहे. बर्लिनचंच तिकीट धरून बसलो नाही. मुंबई–फ्रँकफर्ट लुफ्तान्साने मिळालं, पुढे रेल्वेने चार-साडेचार तासांत बर्लिन. आजूबाजूचं शहर चालत असेल तर सीट सापडायची शक्यता खूप वाढते.

एक विनंती. कागदी बॉक्स, प्लास्टिक क्रेट यांची बिलं कार्डावर भरतो, पण महिन्याच्या महिन्याला पूर्ण चुकती करतो. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. तसं करून जमवलेलं तिकीट विकतच्या तिकिटापेक्षा महाग पडेल. आमच्याकडच्या तरुण पोरांना हे मी कळकळीने सांगतो.

इंदिरानगरहून

माझं नावामुळे अडलं. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, बँकेत माहेरचं, आणि एअरलाइनच्या खात्यात मधलं नावच नाही. पॉइंट्स वळवायला टाकले आणि बँकेने नऊ दिवस अडकवून ठेवले. रोज फोन, रोज वेगळं उत्तर. तोवर सीट गेली. रडू आलं होतं मला, दोन वर्षं जमवलेले होते ते.

बायकांनो, आधी तिन्ही ठिकाणचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. मग थोडेच पॉइंट्स पाठवून बघा. आणि सीट दिसल्याशिवाय मोठी रक्कम वळवू नका, एकदा गेलेले पॉइंट्स कार्डावर परत येत नाहीत. क्रिसफ्लायरचे माइल्स तर तीन वर्षांनी संपतात.

देवळाली कॅम्पहून

पॉइंट्सचं तिकीट म्हणजे फुकट हा समज काढून टाका. लंडनहून परतीच्या तिकिटावर कर बघून मी थक्क झालो. ब्रिटनमधून निघताना एअर पॅसेंजर ड्यूटी नावाचा कर लागतो, आणि तो बिझनेसला इकॉनॉमीपेक्षा जास्त. त्यावर काही कंपन्यांचा इंधन अधिभार.

मी असा हिशोब करतो: रोखीचं भाडं वजा कर, भागिले पॉइंट्स. समजा तिकीट १,४०,००० रुपयांचं, कर २०,००० आणि पॉइंट्स ६०,०००. म्हणजे पॉइंटला दोन रुपये मिळाले. त्याच पॉइंट्सवर बँक पाव रुपयाची व्हाउचर देत असेल तर विमानच बरं. पण पन्नास पैसे सुटत असतील तर मी पैसे भरून इकॉनॉमीने येतो. शेवटी जाताना रात्रीचं बिझनेस आणि येताना दिवसाचं इकॉनॉमी असं केलं. पॉइंट्सवर एकेरी तिकीट निघतं, त्याचा फायदा घ्या.

सिडकोतून

आपल्या ओझर विमानतळावरून दिल्ली गाठून पुढे जाणाऱ्यांसाठी. मी ओझर–दिल्ली वेगळं तिकीट काढलं आणि दिल्लीहून पॉइंट्सची बिझनेस सीट. जानेवारी, दिल्लीत धुकं, ओझरचं विमान साडेचार तास उशिरा. दोन तिकिटं वेगळी असल्याने पुढच्या कंपनीवर माझी काहीच जबाबदारी नव्हती. सीटही गेली, पॉइंट्सही. रात्र विमानतळावरच्या खुर्चीत काढली.

आता आदल्या दिवशीच दिल्लीला जाऊन राहते, नाहीतर सरळ मुंबई धरते. समृद्धीचा इगतपुरी–आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटाची धास्ती गेली, जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी निघते. पण आमण्याच्या पुढे भिवंडी–ठाण्याची कोंडी आहे तशीच आहे. रात्री साडेअकराच्या विमानाला मी दुपारी तीनला घर सोडते.

सातपूरहून

सगळं वाचलं, मनापासून आभार. आई ७३ वर्षांची, पहिल्यांदाच एकटी सिंगापूरला भावाकडे जाणार आहे. पॉइंट्स माझ्या खात्यात आहेत. तिच्या नावाने तिकीट निघेल का? आणि ती पूर्ण शाकाहारी आहे, चतुर्थी धरते.

गंगापूर रोडवरून

निघेल. क्रिसफ्लायरमध्ये पाच जणांना नॉमिनी करता येतं, म्हणजे आपल्या माइल्सवर त्यांचं तिकीट काढता येतं; आईंचं नाव पासपोर्टप्रमाणे आजच घालून ठेवा. जेवणाला ‘भारतीय शाकाहारी’ किंवा ‘जैन’ आधीच नोंदवा, आयत्या वेळी मिळत नाही. उपासाचं मात्र घरूनच द्या, राजगिऱ्याचे लाडू कोरडे असतात, चालतात. व्हीलचेअर कुठल्याही क्लासला मागता येते, किमान ४८ तास आधी सांगा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून खात्री करा.

सीट खिडकीची घ्या. बहुतेक लांबच्या विमानांत एक-दोन-एक अशी मांडणी असते, खिडकीला एकच सीट. शेजारी कोणी नाही, उठताना कोणाला ओलांडायला नको. आईंना कागदावर मराठीत लिहून द्या: पलंग कसा होतो, दिवा कुठला, मदतीला बोलवायचं बटण कुठलं. माझ्या लेकीने मला असंच लिहून दिलं होतं, तो कागद अजून पासपोर्टच्या पाकिटात आहे.