घरातील गोल्डफिश जास्त खाण्याने लठ्ठ होतो का?

खाडीकाठ (रत्नागिरी):

सर्वांना नमस्कार. आमच्या पडवीत तीन फूट लांबीची काचेची टाकी असून तिच्यात सुमारे १०५ लिटर पाणी आणि एकेरी शेपटीचे चार साधे गोल्डफिश आहेत. ते आमच्याकडे तीन वर्षांपासून आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या माशाचे पोट गेल्या काही महिन्यांत वाढत गेले असून गणपतीनंतर ते फारच नजरेत भरू लागले आहे. तो खातो, पोहतो, पण पूर्वीसारखा चपळ राहिलेला नाही.

खाण्याचे सांगायचे तर सकाळी चहाच्या वेळी माझे सासरे मत्स्यखाद्याच्या दाण्यांबरोबर थोडा सुका जवळा (बारीक कोळंबी) कुस्करून घालतात, दुपारी शाळेतून आल्यावर मुले दाणे टाकतात आणि रात्री मी टाकते. गणपतीत मुंबईहून सगळी मंडळी आल्यामुळे घरात अठरा माणसे होती. टाकीसमोरून जाणारा प्रत्येकजण चिमूटभर काहीतरी टाकत होता, त्यात पोळीचे तुकडे आले आणि लहान मुलांच्या हातून मोदकाची उकडही आली.

माणसाप्रमाणे मासाही चरबीने लठ्ठ होतो, की हे एखाद्या आजाराचे लक्षण आहे? मासा पोटापुरतेच खातो, असे दुकानदाराने आम्हाला सांगितले होते. सासऱ्यांचे म्हणणे असे की मुक्या जिवाला भुकेले ठेवू नये, आणि त्यांचे मन मोडणे मला जड जाते.

जलचर:

ताई, मासा निश्चितपणे लठ्ठ होतो. माझे शिक्षण शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात झाले असून घरी मासे पाळण्याला वीसहून अधिक वर्षे झाली आहेत, त्यामुळे हे थोडे सविस्तर लिहितो.

माशाचे शरीर पाण्याच्या तापमानाबरोबर चालते. आपल्या अन्नाचा मोठा वाटा शरीर ऊबदार ठेवण्यात खर्च होतो, माशाला तो खर्चच नाही. त्यात टाकीत प्रवाहाशी झुंज नाही, शत्रूपासून पळणे नाही, खाद्य शोधत हिंडणे नाही. त्यामुळे त्याची गरज आपल्या कल्पनेपेक्षा फारच कमी असते आणि उरलेले अन्न चरबीच्या रूपाने साठते. ही चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात जमते, म्हणून ती बाहेरून उशिरा दिसते. पोट दिसू लागते तेव्हा यकृतावर बराच भार आलेला असू शकतो.

मासा पोटापुरतेच खातो हे खरे नाही. गोल्डफिश कार्पच्या कुळातला असून त्याला खरे जठर नसते. अन्न घशातून थेट आतड्यात जाते. निसर्गात तो दिवसभर तळ उकरत थोडेथोडे खात असतो, त्यामुळे समोर येईल ते तोंडात घेण्याची त्याची वृत्ती आहे. काचेजवळ माणूस दिसला की वर येणे ही भूक नव्हे, माणूस आला की खाणे मिळते एवढे तो शिकलेला असतो. अक्वेरियमच्या दुकानांत सर्रास मिळणाऱ्या पट्टेरी झेब्रा माशावर जपानमध्ये झालेले आणि २०१० साली प्रसिद्ध झालेले संशोधन या बाबतीत बोलके आहे. काही माशांना रोज ५ मिलिग्रॅम आणि काहींना ६० मिलिग्रॅम आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) आठ आठवडे देण्यात आला. भरपूर खाणाऱ्या माशांचे वजन वाढले, रक्तातील चरबी वाढली आणि यकृतातही चरबी साठली.

तरीही वाढलेले पोट म्हणजे चरबीच, असे लगेच ठरवू नये. माशाकडे वरून पाहावे. लठ्ठ मासा दोन्ही बाजूंनी सारखा फुगलेला असतो आणि डोक्यामागे तसेच शेपटीच्या मुळाकडेही जाड झालेला असतो. अंडी असलेल्या मादीचे पोट मऊ आणि अनेकदा एका बाजूला जास्त असते. नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर विणीच्या काळात बारीक पांढरे ठिपके येतात, ते दिसले तर अंड्यांचा प्रश्नच मिटतो. खवले सुरूच्या वाळलेल्या बोंडासारखे उभे राहिलेले दिसले, तर मात्र ते शरीरात पाणी साठण्याचे लक्षण आहे. असा मासा त्याच दिवशी वेगळ्या टाकीत ठेवून जाणकाराला दाखवावा. बद्धकोष्ठ असेल तर पोट काही दिवसांतच फुगते. तुमच्या माशाचे पोट महिनोन्‌महिने वाढत आले आहे, म्हणून मला चरबीचाच संशय जास्त आहे.

रापण (मालवण):

आमचे घर मासेमारीवर चालते, टाकीतल्या माशांचा मला अनुभव नाही. पण मासा चरबी धरतो हे किनाऱ्यावरच्या कोणालाही सांगावे लागत नाही. पावसाळा सरल्यावर समुद्रात खाद्य वाढते आणि तारली अशी भरते की तव्यावर टाकली की स्वतःचेच तेल सोडते. एरवीच्या सुकलेल्या तारलीला ती चव नसते. मोरी, म्हणजे लहान शार्क, कापली तर तिचे काळीज (यकृत) तेलाने भरलेले दिसते.

समुद्रातल्या माशाला मात्र भरण्याचे दिवस असतात तसे आटण्याचेही असतात. साठवलेले तेल विणीत आणि खाद्याच्या टंचाईत खर्ची पडते. टाकीतल्या माशाच्या वाट्याला आटण्याचे दिवस येतच नाहीत. ताई, तुमच्या सासऱ्यांना हे तारलीचे उदाहरण सांगून पाहा. त्यांच्या मनातली माया योग्यच आहे, पण कमी घालणे म्हणजे उपाशी ठेवणे नव्हे, हे त्यांना त्यातून पटेल.

जांभ्याची विहीर:

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. मला पाण्याविषयी लिहायचे आहे, कारण जास्त खाद्याने मासा चरबीने आजारी पडण्याच्या आधी बहुधा पाण्याने मरतो. माझे स्वतःचे सहा मासे असेच गेले आणि त्याची हळहळ अजून जात नाही.

मासा खाल्लेल्या प्रथिनांतील नको असलेला भाग मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामात पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल शमवण्याची ताकद, खर्च होते. आपल्याकडे जांभ्यातल्या विहिरींचे पाणी मुळातच मऊ असते, त्यामुळे खाद्य वाढले की सामू (पीएच) लवकर उतरतो, जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साठत जातो. उतरलेल्या सामूवर त्याचा विषारीपणा कमी असतो, म्हणून मासे बरे दिसतात. मग आपण एके दिवशी बरेचसे पाणी बदलतो, सामू एकदम चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. माझ्याकडे नेमके हेच घडले. त्यासाठी दर आठवड्याला एक चतुर्थांशच पाणी बदलावे आणि सामू व अमोनिया तपासण्याची साधी बाटली घरी ठेवावी.

दुसरे म्हणजे, खाल्ल्यानंतर माशाला जास्त प्राणवायू लागतो. पावसात वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, तर पंप सुरू होईपर्यंत खाद्य टाकू नये.

प्रमाणाचे म्हणाल तर वाढ पूर्ण झालेल्या गोल्डफिशला दिवसाला वजनाच्या सुमारे एक टक्का दाणे पुरतात. ३० ग्रॅमच्या माशाला ०.३ ग्रॅम, म्हणजे असे चार मासे असतील तर १.२ ग्रॅम. चिमटीने हा हिशेब कधीच जमत नाही. मी सात छोट्या डब्यांत एकेका दिवसाचे खाद्य मोजून ठेवतो. घरातल्या कोणीही घालावे, पण त्या दिवसाच्या डबीतूनच घालावे आणि डबी संपली की थांबावे. सातव्या डबीत दाण्यांऐवजी उकडून साल काढलेला मटाराचा दाणा असतो. पोळी, भात आणि उकड पूर्ण बंद करावी, कारण त्यातला पिष्टमय भाग चरबीतच जातो.

खाडीकाठ (रत्नागिरी):

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज वरून नीट पाहिले. खवले बसलेले आहेत, फुगवटा दोन्ही बाजूंना सारखा आहे आणि शेपटीच्या मुळाकडेही मासा जाड झाला आहे. सासऱ्यांना तारलीची गोष्ट सांगितली, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग डब्या कुठे मिळतील असे विचारले. जवळा पूर्ण बंद करावा का?

जलचर:

बंद करण्याची गरज नाही. जवळ्यात चरबी कमी आणि प्रथिने भरपूर असतात, म्हणून अडचण त्याच्या प्रमाणाची आणि मिठाची आहे. बिनमिठाचा घ्यावा, दहा मिनिटे पाण्यात भिजवून धुवावा, आठवड्यातून एकदाच द्यावा आणि त्या दिवशी तेवढे दाणे कमी करावेत. खाद्य एकदम न तोडता दोन आठवड्यांत हळूहळू खाली आणावे. माशाची चरबी सावकाश उतरते, त्यामुळे महिन्यातून एकदा त्याच जागेवरून, वरून फोटो काढून ठेवावा आणि रोज पोट पाहत बसू नये.

खाडीकाठ (रत्नागिरी):

तीन आठवडे झाले. पोट अजून जवळजवळ तसेच आहे, पण पाण्याचा वास गेला आहे आणि मासा पुन्हा टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मारतो. दर रविवारी डब्या सासरे स्वतः भरतात. दिवाळीला पुन्हा पाहुणे येणार आहेत, म्हणून खाद्याचा मोठा डबा त्यांनी आतापासूनच कपाटात ठेवला आहे. पुढचा फोटो दिवाळीनंतर टाकते.