मुलांचे क्रीडा निकाल शीटमध्ये रंगवावेत का?

मैदानावरून (धागा सुरू करणारा)

मी शाळेत खेळ शिकवतो. सातवी ते नववीची १८० मुलं. प्रत्येकाच्या वर्षातून तीन वेळा चार चाचण्या होतात: १०० मीटर, ६०० मीटर, लांब उडी, गोळाफेक. म्हणजे वर्षाला २,१६० आकडे. ते मी इमानेइतबारे शीटमध्ये भरायचो आणि ती शीट पुन्हा उघडायचो नाही, कारण इतक्या आकड्यांतून डोळ्यांना काही दिसतच नाही.

या वर्षी कंडिशनल फॉरमॅटिंग लावलं, म्हणजे आकड्यानुसार चौकटीला (सेलला) आपोआप रंग देणारा नियम. प्रत्येक रकान्याला हिरवा-पिवळा-लाल कलर स्केल, म्हणजे रकान्यातल्या लहान-मोठ्या आकड्यांप्रमाणे चढत-उतरत जाणारा रंग. पहिल्याच दिवशी सगळ्यात वेगवान मुलगी लालभडक दिसली. स्केल मोठ्या आकड्याला हिरवा देतं, पण धावण्यात छोटा आकडा चांगला. ते उलटं केलं आणि मग एका आठवीतल्या मुलाची ओळ दिसली. ६०० मीटर: २ मिनिटं ८ सेकंद, मग २:१५, मग २:२४. हिरवा, पिवळा, लाल. मी त्याला वर्षभर "अंगचोरपणा करू नकोस" म्हणत होतो. त्या दिवशी बाजूला बसवून विचारलं, तर टाच दुखत होती, सहा महिन्यांपासून. घरी सांगितलं नव्हतं, मलाही नाही.

तीनही आकडे मीच माझ्या हाताने भरले होते, तरी मला ते दिसले नव्हते. म्हणून माझं ठाम मत: प्रत्येक क्रीडाशिक्षकाने निकाल रंगवावेत. तुम्हाला काय वाटतं?

पाचवी लेन

त्या मुलाचं दुखणं कळलं हे फार चांगलं झालं. तरीही मी विरोधात आहे.

कलर स्केल मुलांची तुलना एकमेकांशी करतं. सगळा वर्ग अर्ध्या सेकंदाने सुधारला तरी तळाला कोणीतरी लाल राहणारच. आणि तळाला कोण असतं? मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्याच्या. एकाच वर्गात एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. वयोगटाच्या सुरुवातीला जन्मलेलं मूल आणि शेवटच्या महिन्यात जन्मलेलं मूल यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर. निवडीमध्ये याचा परिणाम होतो, हे कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्ममहिन्यांवरून १९८५ सालीच मांडलं गेलं आहे. तुमची शीट कित्येकदा मुलाच्या मेहनतीला नाही, त्याच्या जन्मतारखेला रंग देते.

माझ्या शाळेत निकालाचा कागद भिंतीवर लागायचा, शेवटच्या पाच नावांखाली लाल रेघ. मी दोन वर्षं त्या भिंतीजवळून जाणं टाळलं, जिन्याने फिरून वर्गात जायचे. रंग कागदावर असो की स्क्रीनवर, मुलाला तो सारखाच लागतो.

मैदानावरून

ही शीट भिंतीवर जात नाही, माझ्यापुरतीच आहे. पण तुमचा पहिला मुद्दा मला मान्य करावा लागेल. आत्ता सातवीचा रकाना उघडून पाहिला. एक मुलगी १०० मीटरमध्ये १८.९ वरून १८.१ आणि तिथून १७.४ वर आली आहे. दीड सेकंद कमी! तिच्या तिन्ही सेल लाल आहेत. हे मला खटकलं.

सेल आणि ओळ

म्हणजे कंडिशनल फॉरमॅटिंग नको असं नाही, तुम्ही निवडलेला नियम चुकला आहे. स्केल काढा. 'फॉर्म्युला वापरून नियम' घ्या आणि नवा आकडा त्याच मुलाच्या आधीच्या सर्वोत्तम आकड्याशी ताडून पाहा. धावण्यात आधीच्या सेल्समधला मिन (सगळ्यात लहान आकडा), उडी-फेकीत मॅक्स (सगळ्यात मोठा). फॉर्म्युल्यात पत्ता पक्का करणारी डॉलरची खूण ($) फक्त रकान्याच्या अक्षरापुढे द्या, ओळीच्या क्रमांकापुढे नको. नाहीतर सगळी मुलं पहिल्याच मुलाशी तोलली जातील.

रिकामी सेल या तुलनेत शून्य धरली जाते, त्यामुळे गैरहजर मूल सगळ्यात वेगवान ठरून हिरवं होतं. आणि सेलमध्ये 'गैरहजर' असा शब्द लिहिला, तर एक्सेल मजकुराला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा मानतं. मग गोळाफेकीत तेच मूल विक्रमवीर. म्हणून 'सेलमध्ये आकडा असेल तरच' ही अट आधी घाला.

वेळ २:०८ अशी भरलीत तर शीट तिला दोन तास आठ मिनिटं समजते. शाळेसाठी सरळ सेकंद भरावेत, १२८.४. डोळ्यांना जरा परकं वाटतं, पण घोळ होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुधारणा किती धरायची. स्टॉपवॉचची वेळ आणि इलेक्ट्रॉनिक वेळ यांची तुलना करताना १०० मीटरला ०.२४ सेकंदांचा फरक धरण्याची रीत आहे, कारण पिस्तुलाचा आवाज ऐकून अंगठा दाबेपर्यंत तेवढा वेळ जातो. दोन शिक्षकांच्या दोन घड्याळांतही ०.२ चा फरक सहज पडतो. ०.१ सेकंदाच्या सुधारणेला हिरवा दिलात तर तो रंग धावणाऱ्याला नाही, घड्याळ धरणाऱ्याच्या अंगठ्याला मिळतो. मी ३ टक्क्यांच्या आतला फरक बिनरंगी ठेवतो.

निवड समितीतला एक

मला हे पटत नाही. स्वतःशी तुलना ऐकायला छान वाटते, पण स्पर्धेची पात्रता वेळ सगळ्यांना एकच असते. मूल १६.८ वरून १६.१ वर आलं, ओळ हिरवी झाली, पालक खूश झाले आणि निवडीच्या दिवशी मूल रडत घरी गेलं, हे मी पाहिलंय. त्याला कोणीच सांगितलं नव्हतं की अजून दोन सेकंद बाकी आहेत. ठरलेल्या आकड्यावर रंग बदलणारा नियम लावा. तो सगळ्यांना आधीच माहीत असतो आणि वर्गातल्या दुसऱ्या मुलामुळे हलत नाही. पाचवी लेन यांचा आक्षेप कलर स्केलला लागू आहे, याला नाही.

लांब उडीबद्दलही सांगतो. मागून वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर ती उडी विक्रमासाठी धरत नाहीत. शाळेत वारा मोजायला यंत्र नसतं, पण शेजारच्या रकान्यात 'वारा होता' एवढं तरी लिहा. त्या दिवशी अख्खा वर्ग हिरवा झाला तर कारण कळेल.

पाचवी लेन

निवडीसाठी आलेल्या मुलांना हे लावा, हरकत नाही. १८० मधली किती मुलं निवडीला जाणार? उरलेल्यांनी धावत राहावं, खेळ सोडू नये, एवढंच शाळेत हवं. त्यांच्यासाठी पात्रता वेळ म्हणजे कायमचा लाल रंग.

निळा-नारिंगी

मला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. माझ्यासारखे मुलींपेक्षा मुलांमध्ये बरेच जास्त असतात, शिक्षकांमध्येही. शाळेतल्या एका शीटमध्ये मी कित्येक महिने 'सुधारला' आणि 'घसरला' यांतला फरक न कळताच हो-हो म्हणत होतो. कृपया निळा आणि नारिंगी वापरा, आणि रंगाबरोबर बाणही द्या. एक्सेलमध्ये २००७ पासून आयकॉन सेट (सेलमध्ये आपोआप उमटणारे बाण, खुणा) आहेतच. गुगल शीट्समध्ये तसे तयार मिळत नाहीत, तिथे शेजारच्या रकान्यात फॉर्म्युल्याने बाण आणता येतो. कागदावर काळी-पांढरी प्रिंट काढली तरी बाण उरतो.

मैदानावरून

काल रात्री बसून केलं. स्केल काढलं. रोजच्या शीटमध्ये मूल स्वतःशीच ताडलं जातं, ३ टक्क्यांच्या आत बिनरंगी, सुधारणेला निळा, घसरणीला नारिंगी, सोबत बाण. पात्रता वेळेची शीट वेगळी, तिच्यात फक्त निवडीला नाव दिलेली २२ मुलं. १७.४ वाल्या मुलीच्या ओळीत आता दोन निळ्या सेल आहेत. पाचवी लेन, ती शीट दुसऱ्या कोणाकडे गेली तर, ही तुमची धास्ती मात्र शिल्लक आहे. मुख्याध्यापकांनी निकाल मागितलेत.

सेल आणि ओळ

नवी शीट घ्या आणि 'पेस्ट स्पेशल'मधून फक्त व्हॅल्यू पेस्ट करा. आकडे जातील, रंग आणि नियम तुमच्याकडेच राहतील.

पाचवी लेन

आणि नावं आडनावाच्या क्रमाने लावा, वेळेच्या क्रमाने नको.