निक ड्रेक: उपेक्षित की दंतकथेने फुगवलेला?

खर्ज_६
इंग्लिश गायक-गिटारवादक निक ड्रेकचं नाव निघालं की लोक थेट त्याच्या मृत्यूचं १९७४ साल गाठतात. वय २६, नैराश्य, गोळ्यांचा जादा डोस. गिटारबद्दल चकार शब्द नाही! १९७२चा ‘पिंक मून’ अल्बम ऐका. दोन रात्रींत उरकलेलं रेकॉर्डिंग, आवाज आणि गिटार. शीर्षकगीतात जरासा पियानो, बस्स.

त्या गाण्याचं ट्यूनिंग जाड तारेपासून सी-जी-सी-एफ-सी-ई, आपल्या हिशेबात सा-प-सा-म-सा-ग. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार चार फ्रेट (एक फ्रेट म्हणजे अर्धा स्वर) उतरवा, पाचवी-चौथी-तिसरी दोन-दोन, दुसरी एक फ्रेट चढवा, पहिलीला हात लावू नका. मग सहावी, चौथी, दुसरी एकामागोमाग छेडा: तीन सप्तकांतले तीन षड्ज. ते मिळाले की दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चाप.

रेकॉर्डकपाट
वादन मान्य. शीर्षकातलं ‘उपेक्षित’ अमान्य. १९९९मध्ये फोक्सवॅगनच्या जाहिरातीत हेच गाणं वाजलं आणि अमेरिकेत त्याच्या रेकॉर्ड धडाधड खपल्या. त्याआधी तरी कोणी काय कमी केलं? जो बॉइडसारखा निर्माता, डॅनी थॉम्प्सनचा डबल बेस, ‘ब्रायटर लेटर’ अल्बमवर जॉन केलसारखा वादक. पठ्ठ्याने दौरे टाळले, मुलाखती टाळल्या. रेकॉर्ड पाच हजारांच्या आत खपल्या तर दोष कोणाचा?

खर्ज_६
दौरे का फसले तेही बघा की. दर दोन-तीन गाण्यांनी ट्यूनिंग बदलायचं म्हणजे पाच तारा पिळायच्या. चार फ्रेट उतरवलेली जाड तार लगेच स्थिर होत नाही, गाता गाता पुन्हा चढते. तोवर हा गप्प आणि पबमधल्या लोकांच्या गप्पा सुरू.

रेकॉर्डकपाट
ही सबब झाली. गायिका जोनी मिचेलची ट्यूनिंग्ज याच्यापेक्षा कितीतरी जास्त. ती पिळता पिळता लोकांशी बोलायची! नाहीतर याने दुसरी गिटार जुळवून शेजारी ठेवायची होती.

खर्ज_६
दुसऱ्या गिटारचं पटलं. बाकी नाही.

जव्हारी
वाद चालू द्या, पण वाजवून बघणाऱ्यांसाठी: १०चा, म्हणजे पातळ तारांचा, सेट लावून हे करू नका. सहावी तार सुतळीसारखी लोंबते आणि फ्रेटवर खरखरते. १३चा जाड सेट लावा. कॅपो घट्ट आवळला की ढिल्या तारा चढतात, म्हणून कॅपो लावल्यावर पुन्हा जुळवायचं. दुसरी तार वर जाते, ती जुनी असेल तर तुटू शकते.

रेकॉर्डकपाट
आणि पहिल्या दोन अल्बमवरची ती व्हायोलिनं? गोडमिट्ट!

खर्ज_६
‘रिव्हर मॅन’सुद्धा? बाकी बरीच वाद्यरचना रॉबर्ट कर्बीची, पण या गाण्यापुढे त्याने हात टेकले, म्हणून हॅरी रॉबिन्सनला बोलावलं. खाली गिटार एका लयीत चालत राहते, वर तंतुवाद्यं ढगांसारखी सरकतात. यात साखर कुठे सापडली?

रेकॉर्डकपाट
बरं, ते एक वगळतो. ते पाच मात्रांत आहे ना? मग दहा मात्रांचा झपताल बसेल.

जव्हारी
मोजणी बसेल, वजन नाही. झपतालाची खाली (टाळी नसलेली, हलकी जागा) सहाव्या मात्रेवर, म्हणजे दर दुसऱ्या बारची (पाच मात्रांच्या गटाची) पहिली मात्रा नेमकी खालीवर येते. इथे प्रत्येक पाचाची पहिली मात्रा भरीच, म्हणजे वजनदार, हवी.