मदत हवी आहे: दक्षिण जर्मनी, सात रात्री, आईचे गुडघे आणि बाबांचं स्टुटगार्ट

नमस्कार मंडळी,

27 सप्टेंबरला, रविवारी सकाळी, आम्ही चौघं फ्रँकफर्टला उतरतोय. मी, बायको, आई (68) आणि बाबा (73). 4 ऑक्टोबरला रात्री तिथूनच परतीचं विमान. पितृपंधरवड्यात कसले निघालात, हे आत्याने ऐकवून झालंय, तेव्हा तो मुद्दा इथे नको. :)

आईबाबा मागे एका टूर कंपनीबरोबर युरोपला जाऊन आले. त्यातलं आईला ठळक आठवतं ते म्हणजे रोज पहाटे बॅग खोलीच्या दाराबाहेर ठेवायची. म्हणून या वेळी एकच भाग आणि सगळं रेल्वेने, असं ठरवलं. आणि एवढं ठरवून मी कागदावर काय मांडलं? स्टुटगार्ट दोन रात्री, म्युनिक दोन, मग न्युरेंबर्ग, रोथेनबुर्ग, हायडेलबर्ग एकेक. बायको म्हणाली, यापेक्षा टूर कंपनी परवडली.

काय गाळू? ऑफिसातले सगळे म्हणतात, स्टुटगार्ट गाळ, तिथे मोटारींच्या संग्रहालयांपलीकडे काही नाही. पण नेमकं तेच गाळता येत नाही. 22 ऑगस्ट 1907 ला मादाम कामांनी स्टुटगार्टच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत आपला झेंडा फडकवला. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्' लिहिलेला तो झेंडा पुण्यात केसरीवाड्यात आहे. बाबांनी तो शाळेत असताना पाहिला आणि तेव्हापासून ते गाव त्यांच्या डोक्यात बसलंय. परिषद 'लीडरहाले' नावाच्या सभागृहात झाली, एवढं त्यांनी शोधून ठेवलंय. नॉयश्वानस्टाइनचा किल्ला राहिला तरी त्यांना चालेल. बायकोला चालणार नाही.

आईला सपाट रस्त्यावर अर्धा तास चालवतं, चढ आणि जिने नकोत. ती अंडंही खात नाही. म्युनिकच्या हॉटेलांचे दर बघून मी लॅपटॉप मिटला. महिन्याचं डॉइचलांडटिकेट (देशभरच्या साध्या प्रादेशिक गाड्यांचा पास) घ्यावं का, तेही सांगा.

प्रतिसाद

दर बघून दचकलात कारण तुम्ही ऑक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे म्युनिकच्या बिअरच्या जत्रेत जाताय. नावात ऑक्टोबर असला तरी तो सप्टेंबरातच सुरू होतो. स्टुटगार्टलाही त्याच सुमारास कानश्टाटची जत्रा असते, त्यामुळे तिथेही स्वस्ताई नाही. मी असतो तर दोनच मुक्काम केले असते. पहिल्या तीन रात्री एस्लिंगेनला. स्टुटगार्टहून लोकल गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि जुनी लाकडी चौकटींची घरं तिथे आहेत, म्हणजे रोथेनबुर्ग गाळल्याचं दुःख नाही. पुढच्या चार रात्री आऊग्सबुर्गला. तिथून म्युनिक पाऊण तासाच्या आत. शिवाय तिथली 'फुगेराय' आईबाबांना नक्की दाखवा. 1521 मध्ये याकोब फुगर या सावकाराने गरिबांसाठी बांधलेली वसाहत, लोक आजही तिथे राहतात. वर्षाचं भाडं एक युरोसुद्धा नाही (88 सेंट), मात्र रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. पुण्यात भाड्याची खोली शोधलेल्या माणसाला हे वाचून काय वाटेल ते सांगायला नको. न्युरेंबर्ग आणि हायडेलबर्ग पुढच्या खेपेला.

डॉइचलांडटिकेट अजिबात नको. ते कॅलेंडरच्या महिन्याचं असतं, तुमची सहल दोन महिन्यांत विभागली जाते, म्हणजे पैसे दोनदा. त्याऐवजी एका दिवसाचं बायर्न-टिकेट (बायर्न म्हणजे बव्हेरिया, म्युनिक-आऊग्सबुर्गचं राज्य). एकाच तिकिटावर पाच जण, फक्त साध्या प्रादेशिक गाड्या, सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर. बाडेन-व्युर्टेम्बर्गचंही (स्टुटगार्टचं राज्य) तसंच वेगळं आहे. सोमवारी मोटारींची संग्रहालयं बंद, त्या दिवशी उल्म करा. आइन्स्टाइनचं जन्मगाव. तिथल्या मोठ्या चर्चच्या मनोऱ्याला 768 पायऱ्या आहेत, त्या तुम्ही चढा. आईला खाली चौकात कॉफी पाजा, मनोरा तिथूनच छान दिसतो.

प्रतिसाद

नॉयश्वानस्टाइनबद्दल. आऊग्सबुर्गहून फ्युसेनला थेट गाडी आहे, पुढे बस. वेळ ठरलेलं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. पायथ्यापासून अर्ध्या-पाऊण तासाचा चढ आहे. घोडागाडी किंवा बस मिळते, पण दोन्ही दारापर्यंत नेत नाहीत आणि आतही भरपूर जिने आहेत. आम्ही सासूबाईंना खाली आल्पझे तळ्याच्या काठी बाकावर बसवून वर गेलो. परत आलो तर त्या म्हणाल्या, तुम्ही काय पाहिलंत ते सांगा, मी हंस पाहिले.

खाण्याचं अवघड आहे, आधीच सांगते. चीज घातलेले स्पेट्झले (शेवयांसारखा पदार्थ) शाकाहारी म्हणून पुढे येतात, पण त्यांच्या पिठातच अंडं असतं. स्वाबियन (स्टुटगार्टकडच्या) बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचं पाणी असू शकतं. काही बेकऱ्या ब्रेझेलच्या (पीळ दिलेला खारा पाव) पिठात डुकराची चरबी घालतात, 'श्माल्झ' आहे का असं विचारा. स्वयंपाकघर असलेलं घरच घ्या. रविवारी गावातली दुकानं बंद, तेव्हा दूध-भाजी फ्रँकफर्ट विमानतळावरच घ्या, तिथलं सुपरमार्केट उघडं असतं. भाजणी बिनधास्त न्या. तूप, पेढे, पनीर नको, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपात मनाई आहे.

आणि बाबांना एक आधीच सांगून ठेवा. 1907 चं लीडरहाले दुसऱ्या महायुद्धात गेलं. आज दिसतं ते 1956 चं आहे, काँक्रीटचं.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एस्लिंगेनला तीन आणि आऊग्सबुर्गला चार रात्रींची घरं बघितली, दोन्हीकडे स्वयंपाकघर आहे. मंगळवारी सकाळी लीडरहाले, दुपारी मोटारी. इमारत नवी आहे असं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "जागा तीच ना? मग झालं." आणि पुन्हा पेपरात डोकं.

तुपाची बातमी आईला अजून दिलेली नाही.