मदत हवी आहे: वाशाला वाळवी, स्वयंपाकघरात मुंग्या आणि भिंतीलगत पिण्याची विहीर

अंगणवेल:
नमस्कार. आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. घर जुने, चिऱ्याचे, वर मंगळुरी कौले. चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळापानांची चौकट, उतरवताना लक्षात आले की वरच्या वाशाचे भिंतीत शिरलेले टोक पोकळ वाजते आहे. नीट पाहिले तर देवखोलीच्या कोपऱ्यातून मातीची बोटभर रुंद नळी जमिनीपासून थेट वाशापर्यंत गेलेली. थोडी फोडली तर आत पांढरी वाळवी, आणि दुसऱ्या दिवशी फोडलेली जागा पुन्हा लिंपलेली.

पेस्ट कंट्रोलवाला येऊन गेला. त्याचे म्हणणे, जोत्याच्या कडेने भोके पाडून क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक जमिनीत सोडायचे. मला तेच नको आहे. विहीर भिंतीपासून पाच-सहा मीटरवर आहे, आम्ही तेच पाणी पितो. जांभ्याच्या जमिनीतून पाणी कसे झिरपते आणि पावसात विहीर कशी तुडुंब भरते, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. विहिरीत मासे आहेत. घरात रांगणारे बाळ आहे, ते जमिनीवरचे सगळे तोंडात घालते.

शिवाय परसात माडाखाली एक रोयण, म्हणजे वाळवीचे वारूळ, आहे. सासूबाई तिला हळदकुंकू लावतात, आमची ग्रामदेवता सातेरी वारुळाच्याच रूपात पुजली जाते. तो माणूस म्हणाला, आधी ते वारूळ खणून काढा. सासूबाईंना हे सांगायचे धाडस मला नाही आणि खरे तर माझीही इच्छा नाही. ते काढलेच पाहिजे का?

मुंग्यांचाही त्रास आहे. स्वयंपाकघरात बारीक मुंग्या साखरेपेक्षा तळलेल्या मासळीवर जास्त येतात. खडूच्या रेघा मारा असे शेजारी सांगतात, पण बाळामुळे हात धजावत नाही. हळद आणि कापूर ठेवून पाहिला, त्या बाजूने वळून दुसरीकडून येतात. विष कमीत कमी वापरून काय करता येईल?

चिरा_चुना:
ताई, खडू आणला नाहीत ते उत्तम. तो साधा खडू नसतो, त्यात डेल्टामेथ्रिनसारखे कीटकनाशक असते. रांगत्या बाळाच्या घरात नकोच.

वाळवीचे आधी. तुमची वाळवी जमिनीतली आहे, लाकडात घर करून राहणारी नव्हे. तिला ओल लागते आणि उजेड-वारा सोसत नाही, म्हणून ती मातीची नळी बांधते. तेव्हा पहिले काम ओल तोडण्याचे. वाशाच्या टोकावर कौल गळते का ते बघा, माझा संशय तिथेच आहे. भिंतीला टेकवलेली लाकडे, झावळ्या, पुठ्ठ्याची खोकी हलवा. जोत्याला लागून कुंड्या किंवा मातीचा भराव असेल तर तो काढा, म्हणजे नळी कुठून चढते ते उघड्यावर दिसेल. सगळ्या नळ्या खरवडून काढा आणि दर आठवड्याला बघा. नुसते खरवडून वाळवी जात नाही, पण ती नेमकी कुठून येते ते कळते.

लाकडासाठी टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक ऍसिड. एक लिटर गरम पाण्यात साधारण 60 ग्रॅम टाकणखार आणि 40 ग्रॅम बोरिक ऍसिड विरघळवून कोरड्या, रंग-पॉलिश नसलेल्या लाकडावर ब्रशने दोन-तीन हात द्या. टोके आणि भेगा जास्त भिजवा. पावसाचे पाणी लागले तर हे धुऊन जाते, म्हणून कौले आधी. पोकळ झालेले टोक मात्र सुताराला दाखवा, औषधाने लाकडाला गेलेली ताकद येत नाही. आणि बोरिक पोटात गेले तर बाधतेच, हातमोजे घाला, डबा बाळापासून दूर कुलपात.

सत्तरीकर:
आमच्याकडे जुने लोक वाशांना काजूच्या टरफलाचे तेल लावत. वाळवी त्याला टाळते हे खरे. पण ते अंगावर पडले तर कातडी भाजते, फोड येतात. बाळ असलेल्या घरात मी सुचवणार नाही.

रोयणीबद्दल: कृपा करून खणू नका. त्या वाळव्या आत बुरशीची शेती करतात आणि पावसात आपण ज्या रोयणी अळमी (खायच्या अळंब्या) शोधत फिरतो त्या तिथूनच उगवतात. तुमच्या वाशातली वाळवी त्याच वारुळातली आहे हे कोणी पाहिलेले नाही. नुसता वरचा ढीग काढला तर खालची वसाहत मरेलच असेही नाही. वारुळापासून घरापर्यंतच्या पट्ट्यात पालापाचोळा आणि लाकूड ठेवू नका, एवढे पुरे.

चिरा_चुना:
बरोबर. तरीही नळ्या पुन्हा पुन्हा आल्या तर आमिष-पद्धत विचारा. जमिनीत किंवा नळीवर पेटी बसवतात, आत लाकडाचा लगदा आणि हेक्साफ्लुम्युरॉन किंवा क्लोरफ्लुअझुरॉन यांपैकी एक औषध. त्याने वाळवीला कात टाकता येत नाही. कामकरी ते वसाहतीत वाटतात आणि हळूहळू वसाहत बसते. औषध थोडेसे, तेही पेटीत, जमिनीत ओतायचे नाही. वेळ मात्र महिन्यांत मोजावा लागतो, खर्चही जास्त. बांधलेल्या इमारतींसाठी वाळवी-प्रतिबंधाच्या आयएस 6313 या भारतीय मानकाचा तिसरा भाग आहे. येणाऱ्या माणसाला त्याबद्दल विचारा आणि विहिरीचे अंतर आधीच लिहून द्या.

कुळागर:
मुंग्यांसाठी माझा अनुभव. रांगेवर फवारा मारू नका, बाहेर आलेल्या तेवढ्या मरतात आणि काही जातींत वारूळ फुटून दोन ठिकाणी होते. 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि 1 ग्रॅम बोरिक ऍसिड, म्हणजे पाव चमचा. कापसाचा बोळा त्यात भिजवून भोके पाडलेल्या बंद डबीत ठेवा, डबी ओट्याच्या मागे उंचावर. बोरिक वाढवू नका, मुंग्या वाटेतच मेल्या तर राणीपर्यंत काही पोचत नाही. तुमच्या मुंग्या तेलकटावर येतात, तेव्हा दुसऱ्या डबीत तेवढेच थोडे बोरिक खोबरेल आणि शेंगदाण्याच्या कुटात मिसळा. ज्या डबीला गर्दी होईल ती चालू ठेवा. तोवर रांग पुसू नका. गर्दी ओसरली की साबणाच्या पाण्याने वाट पुसा, म्हणजे वास जातो.

फडताळाच्या पायांखाली साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्याच्या वाट्या ठेवा आणि पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील. आंब्या-काजूवरचे हुमले (पानांची घरटी करणाऱ्या लाल मुंग्या) मारू नका, ते काजूवरची ढेकण्या ही कीड खातात.

अंगणवेल:
खूप आभार सगळ्यांचे. कौलवाल्याला बोलावले आहे आणि भिंतीची लाकडे आजच हलवली. रोयण तशीच राहील असे सासूबाईंना सांगितले. आता एकच विचारते: वासा फणसाचा आहे आणि त्यावर जुने काळे तेल बसले आहे. बोरिक आत मुरण्यासाठी ते खरवडावे लागेल का, की टोकाकडून भोके पाडून ओतले तर चालेल?